भाचीनं भूगोल घेतला, पुढं काय झालं: बेळगावातलं एक प्रकरण

२०२५ च्या जूनमध्ये रात्री साडेनऊला अक्काचा फोन आला. भाचीच्या बी.ए. चा शेवटच्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला होता, मार्क चांगले होते आणि तरी घरात कुणी खूश नव्हतं. "पोरगी पास झाली पण पुढं काय करायचं ते कुणालाच कळंना, तू पण भूगोलच केलास नव्हं, आता तूच सांग बघू." मागनं दाजींचा आवाज येत होता, बी.एड. ला घालूया म्हणून. भाची फोनवर आलीच नाही.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण एवढंच की बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी माध्यमातनं दहावी झालेली कितीतरी पोरं आर्ट्सला जाऊन भूगोल घेतात आणि तीन वर्षांनी बरोबर तिथंच येऊन थांबतात जिथं ती त्या रात्री थांबली होती. भाचीला विचारूनच लिहितोय. नाव कुणाचं घालणार नाही, माणसाचं नाही, कॉलेजचं नाही, कंपनीचंही नाही.

आधी घरची परिस्थिती. घर वडगावच्या बाजूला, दाजी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, आणि बळ्ळारी नाल्याच्या काठाला दोन एकर भाताचं शिवार. नाला दरवर्षी पावसाळ्यात फुगतो आणि शिवारात पाणी भरतं, शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको. म्हणजे पोरगी पुराच्या पाण्यात चिखल तुडवत मोठी झालेली, आणि मला वाटतं तिच्या भूगोलाची सुरुवात तिथंच झाली. आठवीत की नववीत असताना आम्ही सगळे कणकुंबीला गेलो होतो, तिथं देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. तिनं विचारलं, मामा हे पाणी कुठं जातंय? मी म्हटलं, इथनं सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात, तिथनं पुढं कुडलसंगमला कृष्णेला मिळतं आणि पार बंगालच्या उपसागरात. आणि याच खानापूर तालुक्यात देगावकडं म्हादई उगवते ती गोव्यातनं अरबी समुद्रात जाते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो हे ऐकून ती गप्पच बसली, गाडीत खिडकीतनं डोंगराकडं बघत होती नुसती. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, आर्ट्स घेतलं ते मार्क कमी पडले म्हणून नाही, भूगोल पाहिजे म्हणून घेतलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्याकडं भूगोल घेतला म्हटलं की लोक आधी "का, सायन्सला मिळालं नाही?" असंच विचारतात.

भाषेचा त्रास झाला, तो सांगितलाच पाहिजे. दहावीपर्यंत सगळं मराठीत, समोच्च रेषा, पर्जन्यछाया, पाणलोट क्षेत्र. कॉलेजला पुस्तक इंग्लिश, सर शिकवणार अर्धं इंग्लिश अर्धं कन्नड. कंटूर म्हणजे आपल्या समोच्च रेषाच हे तिला पहिले दोन महिने कळलंच नाही, तिला वाटायचं हे काहीतरी नवीन आहे. हुशार पोरगी, विषय येत होता, फक्त शब्द येत नव्हता. शेवटी तिनं एका वहीत तीन रकाने पाडले, मराठी, कन्नड, इंग्लिश, आणि रोज पाच-सहा शब्द लिहायची. ती वही पुढं फार कामाला आली, त्यावर येतोच.

डिग्रीत शिकली काय? थिअरी चांगली शिकली. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाचा कहर आणि त्याच बेळगाव जिल्ह्यातलं अथणी कोरडं, हे ती घाटाचा आकार काढून समजावून सांगू शकते. गोकाकचा धबधबा ज्या कठीण वाळूखडकावरनं पडतो तो आपल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना हे तिला माहितीय. टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा, नद्या, रस्ते दाखवणारा सरकारी नकाशा, वाचता येते, आमचं बेळगाव सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नंबरात ४८ आय मध्ये येतं, १:५०,००० स्केल, दोन समोच्च रेषांत २० मीटरचा फरक. पण प्रॅक्टिकल सगळं ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिलीवर. जीआयएसचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करण्याचा, एक पेपर होता, लॅबमध्ये कॉम्प्युटरही होते, पण खोलीला कुलूप, परीक्षेच्या आधी दोन दिवस उघडलं आणि स्क्रीनवर काय दिसतं ते वहीत उतरवून घ्यायला लावलं. शिकवणाऱ्याचा एकट्याचा दोष म्हणणार नाही, एका माणसावर तीन वर्गांचा भार होता, पण पोरांचं नुकसान झालं ते झालंच.

आणि चूक माझीही झाली. सेकंड इयरला असताना तिनं मला विचारलं होतं, मामा आतापासून काय शिकू? मी म्हटलं, आधी डिग्री पूर्ण कर मग बघू. मी स्वतः नकाशांच्या कामात इतकी वर्षं आहे, मला कळायला पाहिजे होतं. ती दोन वर्षं फुकट गेली आणि ते माझ्या मनाला अजून लागतं.

बंद दारं आणि उघडी दारं

त्या जूनमध्ये मी बेळगावला गेलो आणि आम्ही चौघं जेवणानंतर बसलो. दाजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बी.एड. झालं की हायस्कूलला समाज विज्ञानाची शिक्षिका होता येतं, घरापासून जवळ, बायकांना बरी नोकरी, असं त्यांचं गणित. पीयू कॉलेजला लेक्चरर व्हायचं तर एम.ए. ला ५५ टक्के आणि वर बी.एड., डिग्री कॉलेजला एम.ए. ५५ टक्के आणि नेट किंवा केसेट, म्हणजे कर्नाटकची सेट. रस्ता सरळ आहे, पण सरकारी भरती कधी निघेल याचा भरवसा नाही आणि तोपर्यंत खाजगी शाळेत मिळेल त्या पगारावर दिवस काढायचे. आणि मुख्य म्हणजे तिला शिकवायचं नव्हतं. तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "मला वर्गात उभं राहायचं नाही मामा, मला नकाशा करायचाय."

मग तिनं स्वतः शोधून ठेवलेली यादी काढली, त्यातली निम्मी दारं बंदच होती आणि हे तिला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. हवामान खात्यात जायचं होतं, तिथं सायंटिफिक असिस्टंटला फिजिक्स किंवा कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स असलेली डिग्री लागते, बी.ए. भूगोल चालत नाही. जिऑलॉजिकल सर्व्हेला भूगर्भशास्त्र लागतं, भूगोल आणि भूगर्भ हे दोन वेगळे विषय आहेत, आमच्याकडं मोठमोठी शिकलेली माणसं पण यात गल्लत करतात. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पात्र विषयांची यादी आहे, त्यात बॉटनी, झूलॉजी, जिऑलॉजी आहे, भूगोल नाही. भीमगड अभयारण्य आपल्या दाराशी असून तिला त्या परीक्षेला बसता येत नाही, हे ऐकून तिचा चेहरा पडला. यूपीएससी सिव्हिलला मात्र भूगोल ऑप्शनल घेता येतो, २५० चे दोन पेपर, आणि सामान्य अध्ययनाला पण त्याचा उपयोग होतो. पण ती तयारी किती वर्षं चालेल आणि घर तेवढं ओढेल का, हा हिशोब दाजींनी लगेच केला आणि तो बरोबर होता.

राज्याच्या भरतीला कन्नडचा सक्तीचा पेपर आहे. भाची कन्नड बोलते चांगलं, शेजारपाजार सगळा कन्नडच, लिहायला कच्ची. महाराष्ट्राच्या भरतीत ८६५ सीमाभागातल्या गावांच्या मराठी उमेदवारांना अर्ज करता येतो, त्यासाठी दाखले लागतात आणि ते गोळा करण्यात महिने जातात, पण दार उघडं आहे. माझं मत मी सरळ सांगितलं, कन्नड लिहायला शीक, आजपासून. यात राजकारण आणू नको, जिथं राहतोस तिथली लिपी येत नसेल तर जमिनीचं काम करताच येत नाही, उतारा कन्नडमध्ये, सर्व्हेचा नकाशा कन्नडमध्ये, दिशांक ॲपवर सर्व्हे नंबर बघायचा तर तेही तसंच.

एम.ए. साठी तीन जागा डोळ्यापुढं होत्या. भुतरामट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, घरनं जाऊन येऊन करता येईल. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, माझं स्वतःचं, आमच्या वेळी बेळगावची कॉलेजं त्यालाच जोडलेली होती, चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं. आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, तिथं अक्काची नणंद राहते आणि बोलायला मराठी. शिवाय ती एनईपीच्या, म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणाच्या, बॅचची, त्यामुळं चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं का हाही प्रश्न होताच. रात्री एकपर्यंत बोललो आणि निर्णय काही झाला नाही. ती म्हणाली, आधी दोन महिने नोकरीला अर्ज करून बघते.

तो इंटरव्ह्यू

अर्ज केले, अकरा ठिकाणी, पुणे, बेंगळूर, हैदराबाद. दहा ठिकाणाहून काहीच नाही. एका ठिकाणी ऑनलाइन बोलावलं. त्यांनी स्क्रीनवर दोन शेपफाइल, म्हणजे जीआयएसच्या नकाशाच्या फाइल, उघडल्या, एक गावांच्या हद्दीची आणि एक नद्यांची, दोन्ही एकाच जिल्ह्याच्या पण एकमेकींवर बसत नव्हत्या, एक नकाशावर आणि दुसरी कुठंतरी लांब शून्याच्या जवळ. का बसत नाहीत, एवढंच विचारलं. तिला सांगता आलं नाही. तिला प्रोजेक्शन म्हणजे काय, गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची, हे पुस्तकातलं सगळं पाठ, मर्केटर, शंकू, दंडगोल, आकृत्या काढून मार्क मिळवलेले, आणि तेच प्रोजेक्शन समोर आलं तर तिनं ओळखलं नाही. एक फाइल यूटीएम झोन ४३ या प्रोजेक्शनमध्ये, मीटरमध्ये होती आणि दुसरी अक्षांश-रेखांशात, आणि त्या दुसरीची प्रोजेक्शनची छोटी फाइल हरवलेली. पाच मिनिटांचं काम होतं ते. फोन करून ती इतकी रडली की मला काय बोलावं कळेना.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथं आहे. तिचं ज्ञान कमी नव्हतं, हात कमी होता. आणि उलटंही मी रोज बघतो, कॉम्प्युटर शिकून आलेली पोरं फाइल झटक्यात बसवतात पण नदी डोंगरावर चढताना नकाशात दिसली तरी त्यांना खटकत नाही. ज्याच्याकडं दोन्ही आहे त्याला काम मिळतं. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्रानं नकाशाविषयीचे नियम सैल केले, भारतीय कंपन्यांना आधीसारख्या परवानग्या काढत बसावं लागत नाही, मग २०२२ ला राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं, काम वाढलंय. पण ते काम मार्कशीट बघून कुणी देत नाही, काय करून दाखवलंस ते बघतात.

नाल्याचा नकाशा

मी तिला म्हटलं, चार महिने दे, एकच नकाशा कर पण पूर्ण कर, आणि तुझ्या घरच्या शिवाराचाच कर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला होता, त्यात नाल्याकाठचं भाताचं शिवार कुठंकुठं बुडालं ते दाखव. माझा जुना लॅपटॉप दिला, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोच्या देहरादूनच्या आयआयआरएस संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत ते लावून दिले, आणि रोज रात्री अर्धा तास फोनवर.

पहिल्याच आठवड्यात अडली. सेंटिनेल-२ या उपग्रहाचे फोटो उघडले तर ऑगस्टभर नुसते ढग, पांढरं सगळं. बेळगावचा ऑगस्ट, दुसरं काय दिसणार. मग सेंटिनेल-१ कडं वळलो, ते रडार आहे, ढगातनं आरपार बघतं, सपाट पाण्यावरनं त्याची लाट दुसरीकडं उडून जाते म्हणून पाणी काळं दिसतं. काळं दिसलं की पूर, असं तिनं केलं आणि नकाशा बघून मलाच धक्का बसला, अर्धं शिवार काळं. दोन दिवस ती त्याच्याकडं बघत बसली आणि तिसऱ्या दिवशी तिचाच फोन, "मामा हे पुराचं पाणी नाही, ही रोप लावणीची खाचरं आहेत, त्यात पाणी आपणच अडवतोय की!" बरोबर. लावणी झालेल्या भाताच्या खाचरात पाणी साठवलेलं असतं, रडारला ते आणि पूर एकच. हैदराबादच्या ऑफिसात बसलेल्या कुणाला हे पटकन सुचलं नसतं. मग तिनं जुलैतल्या पुराआधीच्या तारखा, पुराच्या जवळची तारीख आणि नंतरच्या तारखा शेजारी ठेवून फरक काढला.

दुसरी अडचण वेळेची. हा उपग्रह साधारण बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो, पूर काय त्याची वाट बघत थांबत नाही. पाणी सगळ्यात जास्त होतं त्या दिवसाचा फोटो नाहीच. मग ती शिवारात फिरली, दाजींच्या ओळखीच्या शेतकऱ्यांकडं, बांधावर उभं राहून विचारायचं, काका पाणी कुठंपर्यंत आलं होतं, किती दिवस थांबलं, आणि फोनमध्ये जीपीएसचा ठिपका मारायचा. इथं ती वही कामाला आली. काही शेतकरी मराठी, काही कन्नड, दोघांशी त्यांच्याच भाषेत बोलली आणि रात्री इंग्लिशमध्ये लिहून काढलं. एका आजोबांनी भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली, एका मावशीनं सांगितलं की आमच्या इथं आठ दिवस पाणी होतं आणि खालच्या बाजूला दोनच दिवस, कारण तिथं मोरी मोठी आहे. ती मोरी कुठल्याच उपग्रहाला दिसली नसती.

उंचीच्या डेटानं पण दगा दिला. फुकट मिळणारा एसआरटीएम, दर ३० मीटरला एक उंची देणारा डेटा, घेतला तर सपाट शिवारात त्याची चूकच काही मीटरची आणि इथं पाण्याचा सगळा खेळ मीटर-दोन मीटरचा. ते तिनं सोडून दिलं आणि का सोडलं ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं, मला तिचा तो परिच्छेद सगळ्यात जास्त आवडला. आणि जुनी टोपोशीट स्कॅन करून टाकली तर नाला त्याच्या आजच्या जागेपासनं शे-दीडशे मीटर सरकलेला. आधी तिला वाटलं नाल्यानं पात्र बदललं, खूश झाली, मोठा शोध लागला म्हणून. मी म्हटलं रस्ते बघ, देवळं बघ, ती पण सरकलीत का? सगळंच सरकलं होतं, एकाच दिशेला. जुन्या शीटा पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मोजमापावर, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मोजमापावर, या मोजमापालाच डेटम म्हणतात. त्या दिवशी तिला प्रोजेक्शन आणि डेटम खऱ्या अर्थानं कळलं. फोनवर तीच मला समजावून सांगत होती.

नोव्हेंबरमध्ये नकाशा झाला. एका रविवारी ती मला राजहंसगडावर घेऊन गेली, वरनं येळ्ळूर, वडगावचं सगळं शिवार दिसतं, भात कापणीला आलेलं, आणि तिनं प्रिंट उघडून एकेक तुकडा बोटानं दाखवला, इथं आठ दिवस, इथं तीन, इथं नाही. मी बरीच वर्षं नकाशे करतोय पण माझ्या गावचा असा एकही केला नव्हता.

निर्णय

डिसेंबरमध्ये परत अर्ज केले, या वेळी चारच, सोबत नकाशा आणि सहा पानांचा रिपोर्ट. दोन ठिकाणी बोलावलं. पाणलोट आणि शेतीच्या सर्व्हेचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत इंटरव्ह्यू झाला, त्यांनी विचारलं की या प्रोजेक्टमध्ये तुमचं काय चुकलं. ती वीस मिनिटं बोलली, खाचरांचं, डेटमचं, उंचीचं. मग त्यांनी विचारलं कन्नड येतं का, मराठी येतं का, कारण त्यांचं काम कृष्णेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, हातात सोळा हजार, महिन्यातले दहा दिवस फील्ड.

दाजींना सोळा हजार कमी वाटले आणि कमी आहेतच, मी खोटी समजूत घातली नाही. सुरुवातीचा पगार या लाइनमध्ये बारीकच असतो, नुसतं डिजिटायझिंग, म्हणजे नकाशावरच्या रेषा कॉम्प्युटरवर गिरवणं, करत बसलं तर तो पुढंही बारीकच राहतो, पायथन आणि डेटाबेस शिकलं तर वाढतो. मुलगी फील्डवर एकटी जाणार याची अक्काला काळजी, ती अजून आहे. शेवटी ठरलं ते असं की एक वर्ष नोकरी, मग एम.ए., पण आता एम.ए. कशात आणि कुठं ते ती काम बघून ठरवणार, नातेवाईक कुठं राहतात त्यावरनं नाही. मी स्वतः आधी एम.ए. करावं या मताचा होतो, मला भीती होती की पगाराची सवय लागली की शिक्षण सुटतं. ती म्हणाली, मामा मला अजून कुठला प्रश्न विचारायचा तेच माहीत नाही, एम.ए. ला जाऊन काय करू? मी माघार घेतली.

सध्या ती निपाणीच्या बाजूला वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांत आहे. रात्री कन्नड शुद्धलेखन गिरवते, सक्तीच्या पेपरसाठी. कॉलेजच्या ज्युनिअर मुलींनी बोलावलं म्हणून एका शनिवारी जाऊन आली, लॅपटॉप घेऊन, आणि ती न बसणारी दोन शेपफाइलची जोडी त्यांच्यापुढं उघडली. सेकंड इयरच्या एका मुलीनं दहा मिनिटांत ओळखलं म्हणे.

नाल्याच्या नकाशाची एक मोठी प्रिंट दाजींनी मागून घेतली. शिवारातल्या शेतकऱ्यांची बैठक होती, नुकसानभरपाईच्या अर्जाची, तिथं त्यांनी ती भिंतीला लावली. त्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं उठून सांगितलं की या तुकड्याला पाणी तीन दिवस नव्हतं, पाच दिवस होतं, मी स्वतः मोजलेत. दाजींनी तिथनंच तिला फोन लावला आणि फोन त्या आजोबांच्या हातात दिला.